बुडालेल्या मजुरीचे दावे

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात वादाची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत एक पद चाकराच्या वेतनाचे आहे. मनूने ते मोजले आहे. नारदाने त्याला 'वेतनस्य अनपाकर्म' असे भारदस्त नाव दिले आहे. याज्ञवल्क्याने त्याचा 'वेतनादान' असा संक्षेप केला आहे. ऋण, ठेव, सीमावाद, चोरी यांच्या पंक्तीला मजुरीचे भांडण बसविलेले पाहून वाचकाला प्रथम समाधान वाटते. पुढे श्लोक वाचीत गेले की ते समाधान थोडे ओसरते. कारण त्या प्रकरणातील बहुतेक नियम चाकराने काम अर्धवट टाकल्यास त्याला काय दंड करावा, याचे आहेत. धडधाकट असून जो काम करीत नाही त्याला दंड, आणि वेतनही नाही. मनूने मात्र एक गोष्ट सांगितली आहे ती लक्षात राहण्यासारखी आहे : चाकर आजारी पडला, आणि बरा होऊन त्याने बोलल्याप्रमाणे काम पुरे केले, तर बराच काळ लोटला असला तरी त्याचे वेतन त्याला मिळाले पाहिजे. मुदतीचा कायदा ज्यांच्या मानगुटीस बसला आहे अशा आम्हां वकिलांस हे वचन थोडे हेवा वाटण्याजोगे आहे.

याहून व्यवहारी ग्रंथ कौटिल्याचा. मजुराचा धन्याशी झालेला करार शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक असावा, असे तो म्हणतो. जे ठरले असेल ते वेतन द्यावे. काहीच ठरले नसेल तर काम आणि काळ पाहून द्यावे. शेतकामाच्या मजुराला पिकाचा दहावा हिस्सा, गुराख्याला तुपाचा, व्यापाऱ्याच्या माणसाला मालाचा. वाद पडला तर साक्षीदारांच्या सांगण्यावरून निकाल करावा, साक्षीदार नसतील तर जिथे काम झाले तिथे जाऊन चौकशी करावी. वेतन न देणाऱ्यास वेतनाच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा सहा पणांचा दंड. आणि 'देणेच नव्हते' असे म्हणून जो नाकबूल जातो त्यास बारा पण किंवा पाचवा हिस्सा. न देणे आणि नाकारणे यांत कौटिल्याने भेद केला आहे, आणि दुसऱ्याला अधिक दंड ठेवला आहे. हा भेद त्याने कुठल्या अनुभवातून केला असेल हे मला वकिलीच्या तिसऱ्या वर्षी कळले. ती हकीगत पुढे येईल.

दहाव्या हिश्श्याचा हाच नियम याज्ञवल्क्याने घेतला आहे. त्याच्या स्मृतीवर विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली ती चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे. हैदराबादच्या आणि सीमाभागातील वाचकांस हे ठिकाण परके नाही. वारसाहक्कासाठी मिताक्षरेची पाने इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी झिजेपर्यंत उलटली. मजुराच्या वेतनाचे पान मात्र कोणी फारसे उघडले नाही. त्या विषयात कंपनी सरकारने आपल्याबरोबर स्वतःच्या देशातील मालक-नोकराचा कायदा आणला होता.

तो येण्यापूर्वी आपल्याकडे थकलेले वेतन वसूल करण्याची एक रीत सर्रास चालत असे, तिचे नाव धरणे. देणेकऱ्याच्या दारात बसायचे, स्वतः अन्न घ्यायचे नाही, आणि त्यालाही सुखाने घेऊ द्यायचे नाही. सावकारीत तर हे चालेच. पण मराठी फौजांत थकलेल्या पगारासाठी शिपाई आपल्या सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरीत. दौलतराव शिंद्यांच्या लष्करात १८०९ साली राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत हे प्रकार वर्णिले आहेत. ग्वाल्हेर-इंदूरकडील घराण्यांत पूर्वजांच्या तलवारींचे कौतुक चालते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या तलवारी ज्यांच्या हाती होत्या त्यांतील कित्येकांचे महिनेच्या महिने पगार थकलेले असत, हेही त्या इतिहासाचेच पान आहे. फौजेला हाती शस्त्र असूनही बसून राहण्याचा मार्ग घ्यावा लागे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने दैवी कोपाची भीती घालून एखाद्यास काही करावयास लावणे हा गुन्हा ठरविला, आणि त्या कलमाखाली उदाहरण दिले ते दारात धरणे धरून बसणाऱ्याचे. दार बंद झाले. त्याच्या बदल्यात मजुराला कोणते दार उघडून दिले, हे पाहू लागलो तर प्रथम फार निराशा होते.

१८५९ सालचा तेरावा कायदा हा कामगाराने करार मोडण्यासंबंधीचा. उचल घेतलेला कारागीर किंवा मजूर कामावर आला नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. मॅजिस्ट्रेटने त्याला उचल परत करण्याचा किंवा काम करण्याचा हुकूम द्यायचा. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी केलेला हा कायदा पुढे इतरत्र लागू करण्यात आला. यात तक्रार करण्याचा अधिकार एकट्या मालकाला. मजुराने करार मोडला तर तो गुन्हा. मालकाने मजुरी बुडविली तर तो दिवाणी वाद, त्यासाठी स्टँप लावावा, वकील द्यावा, आणि तारखा पडतील तशा घ्याव्या. ही विषमता १९२६ पर्यंत, म्हणजे सदुसष्ट वर्षे, कायद्याच्या पुस्तकात होती. दंडसंहितेतही नोकरीचा करार मोडण्याची कलमे होती. त्यांतील दोन याच वेळी रद्द झाली. उचल हा शब्द आजही ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या मजुरास किती जड जातो हे सर्वांस ठाऊक आहे. तो शब्द एके काळी तुरुंगाचे दार दाखवीत असे, एवढे त्यात जोडावे.

या अंधारात एक कवडसा पडला तो बोरघाटात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा घाटमार्ग १८५६ पासून बांधला जात होता. काम विल्यम फॅव्हिएल या कंत्राटदाराकडे, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि सर्वांत खाली घाटावरून व कोकणातून आलेली हजारो माणसे. १८६१ च्या आरंभी तर एकाच वेळी बेचाळीस हजार माणसे त्या डोंगरावर होती असे सांगतात. पैसा वरून निघे आणि प्रत्येक पायरीवर थांबत खाली येई; कधी येतच नसे. १८५९ साली मजुरांचा संयम सुटला आणि दंगल झाली. फॅव्हिएलचे कंत्राट त्याच वर्षी संपुष्टात आले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन थोड्याच आठवड्यांत वारला, आणि त्याच्या विधवा पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, ते काम पुढे चालवून घेतले. घाट १८६३ साली खुला झाला. पण दंगलीच्या पाठोपाठ १८६० चा नववा कायदा झाला, तो आमच्या विषयाचा : रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजूर आणि मालक यांच्यातील तंट्यांचा झटपट निकाल मॅजिस्ट्रेटने करावा. मजुरीसाठी मजूर मॅजिस्ट्रेटपुढे जाऊ शकतो हे इथे कायद्याने प्रथमच नीटपणे मान्य केले. अर्थात त्याच कायद्यात काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षेचीही तरतूद होती. एका हाताने दिलेले दुसऱ्या हातात धरून ठेवण्याची ही पद्धत. आज खंडाळ्याहून गाडी उतरते तेव्हा प्रवासी धबधबे पाहतात. तेवढ्या वेळात ही आठवण करून देणारे कोणी बरोबर नसते.

गिरण्यांची गोष्ट निराळी. तिथे पगार बुडविण्याची गरज नव्हती. तो मागे ठेवला की काम भागे. एका महिन्याचा पगार पुढचा महिना बराच सरल्यावर हाती यायचा, आणि नोटिशीशिवाय काम सोडले की मागे राहिलेला पगार जप्त. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापणे याला मुंबईच्या गिरण्यांत 'डबल खाडा' असे नाव होते. कापड बिघडले की ते विणकराच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून वळती करीत. दरम्यान घरी वाण्याची उधारी, पठाणाचे व्याज. म्हणून १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज तयार केला, आणि ज्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-निशाण्या केल्या, त्यातील एक मागणी आज वाचताना मन थबकते. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. रविवारची सुटी १८९० साली मिळाली म्हणून तिचे स्मरणही होते. पण त्यांतच असेही होते की, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. जास्त पगार मागितला नव्हता; कमावलेला पगार पंधरा दिवसांत मागितला होता. ही साधी मागणी कायद्यात उतरायला बावन्न वर्षे लागली.

मधल्या काळात १९२५ साली दिवाण चमनलाल यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आठवड्याला पगार देण्यासंबंधी विधेयक मांडले होते. ते पुढे गेले नाही. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ मध्ये अहवाल दिला. ना. म. जोशी त्याचे एक सभासद होते. त्यातून १९३६ चा वेतन-प्रदान कायदा निघाला आणि २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. हजाराहून कमी माणसे असतील तिथे सात तारखेच्या आत, अधिक असतील तिथे दहा तारखेच्या आत पगार. कामावरून काढल्यास दुसऱ्या दिवसाच्या आत हिशेब चुकता. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नाही. कायद्याने सांगितलेल्या कारणांखेरीज वजावट नाही. डबल खाडा गेला. मात्र दहा किंवा अधिक माणसे संगनमताने, नोटिशीशिवाय गैरहजर राहिली तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा राहिली, म्हणजे संपासाठी खाडा डबलच काय, आठपट झाला.

या कायद्याचे खरे मर्म पंधराव्या कलमात होते. मजुराने दिवाणी कोर्टाची पायरी न चढता एका नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. अर्ज त्याने स्वतः करावा, वकिलामार्फत करावा, नोंदलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यामार्फत करावा किंवा निरीक्षकाने करावा. अनेकांचा मिळून एकच अर्जही चाले. कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला होता. उशिरा दिलेल्या पगारासाठी मात्र भरपाईची कमाल होती दहा रुपये! आणि अर्ज खोडसाळ ठरल्यास मजुरालाच पन्नास रुपयांपर्यंत दंड. दिवाणी कोर्टाचे दार या बाबतीत बंद केले होते. मुदत सहा महिन्यांची होती, ती १९६४ साली बारा महिन्यांची झाली. त्याच दुरुस्तीने मालकाने अपील करायचे तर आधी रक्कम भरून यावे असे ठरले. कागदावर फार मोठा न वाटणारा हा बदल. पण ज्याने प्रत्यक्ष काम पाहिले आहे तो सांगेल की, अपिलांची संख्या कमी करण्यास न्यायाधीशांच्या उपदेशापेक्षा या एका अटीचा उपयोग अधिक झाला असावा.

या कायद्याला एक कुंपण होते : दरमहा दोनशे रुपयांहून कमी वेतन असणाऱ्यांसाठीच तो होता. ते कुंपण पुढे चारशे, हजार, सोळाशे, साडेसहा हजार असे सरकत २०१७ साली चोवीस हजारांवर गेले. दुसरे कुंपण भूगोलाचे. १९३६ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. इंदूरच्या गिरणीतला, बडोद्यातला, ग्वाल्हेरचा, निजामाच्या राज्यातला मराठी मजूर त्याच्या बाहेर; ज्या संस्थानात जो कायदा असेल तो त्याच्या वाट्याला. बेळगाव शहरात एक न्याय आणि चार कोसांवर संस्थानी हद्दीत दुसरा, असा प्रकार विलीनीकरणापर्यंत चालला. गोव्यात तर १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता. तीत घरकामाची चाकरी, रोजंदारीची चाकरी आणि उक्ते काम यांची वेगवेगळी प्रकरणे होती, आणि ती नीटनेटकी होती. पण करार म्हणून. स्वतंत्र कामगार संघटनांना सालाझारच्या राजवटीत जागा नव्हती. १९५० नंतर लोहखनिजाच्या खाणी वाढल्या, बेळगाव-कारवारकडून माणसे कामाला आली, आणि त्यांची मजुरी थकली तर त्यांनी कुठे जायचे याचे उत्तर खाणमालकाची कचेरी हेच होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर भारतातील कायदे क्रमाक्रमाने इथे लागू झाले, तेव्हा कुठे ही कुंपणे पडली.

स्वातंत्र्यानंतर आणखी दारे उघडली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचे विधेयक मांडले. ते १९४८ साली कायदा झाले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली '३३-सी' हे कलम आले. त्याच्या पहिल्या भागाप्रमाणे ठरलेली रक्कम मालकाकडून जमीन-महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची. म्हणजे जो मामलेदार शेतकऱ्याच्या दारात जप्ती घेऊन जाई, तोच मजुरासाठी मालकाच्या दारात जाणार. कल्पना सुरेख आहे. तिचे प्रमाणपत्र कलेक्टर कचेरीत पोचल्यावर त्याचे काय होते, हे मात्र आमच्या धंद्यातल्या माणसाने लिहू नये. लिहिल्यास लेख लांबेल. दुसऱ्या भागाप्रमाणे कामगार न्यायालयाने हिशेब करून रक्कम ठरवायची. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी याचा अर्थ लावला. साताऱ्याचे, आणि काही काळ धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेले हे न्यायाधीश. त्यांनी सांगितले की, मालकाने हक्क नाकबूल केला एवढ्यावरून न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत. हिशेबाच्या अनुषंगाने जे तपासणे लागेल ते तपासता येते. पण १९९४ साली, दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगारांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने रेघ आखली : ज्या हक्काचा निकाल आधी झालेला नाही किंवा जो मालकाने मान्य केलेला नाही, तो या कलमाखाली नव्याने ठरविता येणार नाही.

त्या रेघेवर मी एका माणसाला अडखळून पाडले आहे, आणि इथे ती हकीगत सांगतो.

खानापूर तालुक्यातला एक गवंडी माझ्याकडे आला. मडगावजवळच्या एका बांधकामावर तो सात महिने कामाला होता. दर शनिवारी खर्ची मिळे, बाकी 'काम संपल्यावर' मिळणार होती. काम संपले, बाकी राहिली एकोणीस हजार सहाशे. त्याने शाळकरी वहीत रोजची हजेरी लिहिली होती : दिवस, काम कुठल्या मजल्यावर, खर्ची किती. अक्षर बाळबोध, पण एकही दिवस गाळलेला नव्हता. मी तेव्हा नवा होतो आणि '३३-सी'वर नुकतेच वाचले होते. गजेंद्रगडकरांचा निकाल तोंडपाठ, आणि नंतरची रेघ मी वाचली होती तरी मनावर घेतली नव्हती. अर्ज कामगार न्यायालयात केला. कंत्राटदाराने लेखी म्हणणे दिले की, हा माणूस माझ्याकडे कधी कामालाच नव्हता. गवंडी मला म्हणाला, "वकीलसाहेब, पैसं बुडालं तर बुडालं म्हणलं असतं. पर तू कामालाच नव्हतास म्हणतोय की ओ त्यो!" न देणे आणि नाकारणे यांत कौटिल्याने भेद का केला, तो मला त्या वाक्याने समजला.

तीन वर्षांनी अर्ज फेटाळला गेला. नोकरीचे नातेच वादात आहे, त्याचा निकाल आधी झालेला नाही, म्हणून या कलमाखाली हिशेब करता येत नाही. वेतन-प्रदान कायद्याच्या प्राधिकाऱ्यापुढे गेलो असतो, तर तो कामाला होता की नाही हे अर्जाच्या अनुषंगाने तपासता आले असते, वही पुढे ठेवता आली असती, कडेला चहाचा गाडा लावणाऱ्याची साक्ष घेता आली असती. तिथे गेलो तेव्हा बारा महिन्यांची मुदत केव्हाच संपली होती. उशीर माफ करण्याचा अर्ज केला. चुकीचा सल्ला हे पुरेसे कारण नव्हे, असे ठरले. ज्याने तो सल्ला दिला तोच उभा राहून तो निकाल ऐकत होता. गवंड्याला मी सांगितले ते एवढेच की, कोर्टाने मान्य केले नाही. त्याने फी विचारली. मी नको म्हटले, त्याला तो माझा चांगुलपणा वाटला.

अशा वेळी मला गोव्याच्या तारवट्यांचे नशीब बरे वाटते. खलाशाचा थकलेला पगार हा जहाजावरचाच बोजा मानण्याची समुद्रकायद्याची रीत फार जुनी आहे. मालक सापडो न सापडो, जहाज बंदरात अडवून ठेवता येते, आणि जहाज गहाण असले तरी पगाराचा हक्क गहाणदाराच्या आधी. आपल्या उच्च न्यायालयांना परदेशी जहाजावर असा अधिकार आहे हे १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. ते प्रकरण मालासंबंधीचे होते, पण त्याचा उगम मुरगाव बंदरातून १९८४ साली निघून गेलेल्या एका जहाजात होता. २०१७ च्या नौकाधिकरण कायद्याने खलाशांच्या वेतनाला पहिला क्रमांक लिहून दिला. मुंबईच्या कुडांत ट्रंका ठेवून बोटीवर जाणाऱ्या आपल्या माणसांना हा आधार आहे. गवंड्याने बांधलेली भिंत जहाजासारखी पळून जात नाही, ती तिथेच उभी असते. तरी तिच्यावर त्याचा असा हक्क कायद्याने मानलेला नाही.

गवंड्याच्या बाजूने जे झाले ते दुसऱ्या वाटेने. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले की, कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचे काम आहे त्या मूळ मालकाने ती द्यावी आणि कंत्राटदाराकडून वसूल करावी. बोरघाटातल्या त्या पायऱ्यांवरचे हे उत्तर, एकशे दहा वर्षांनी. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, न्या. भगवती यांनी याहून पुढचे पाऊल टाकले : किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणे ही घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठच होय. भुकेची सक्ती हीही सक्तीच, असा त्याचा आशय. महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांचा स्वतंत्र कायदा करून करार न पाळणाऱ्या मालकाविरुद्ध आणखी एक दार दिले. ते चंदगडच्या मजुराला आहे, बेळगावच्या नाही. सीमाप्रश्नाच्या सभांत हा फरक कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. दिवाळे निघालेल्या कंपन्यांतील कामगारांची गोष्ट तर स्वतंत्र लेखाची आहे : २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने परिसमापनापूर्वीच्या चोवीस महिन्यांचे त्यांचे देणे तारणधारक बँकांच्या बरोबरीला बसविले, एवढेच इथे नोंदवतो.

१९३६ चा कायदा आता इतिहासजमा झाला. त्याची आणि किमान वेतनाच्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली आहे. निरीक्षकाचे नावच बदलून तो 'सुलभकर्ता'ही केला आहे, यात निरीक्षण किती उरेल ही शंका मलाही आहे. पण माझ्या त्या वहीच्या संदर्भात मी ती वाचली, तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. वेतनाच्या कमाल मर्यादेचे कुंपण गेले. अर्जाची मुदत बारा महिन्यांवरून तीन वर्षे झाली. आणि वेतन दिले नाही अशी तक्रार असेल तर, ते दिले हे शाबीत करण्याचे ओझे मालकावर. रोजंदाराची मजुरी त्याच दिवशी पाळी संपताना, मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, काम सुटल्यास दोन कामाच्या दिवसांत. प्राधिकाऱ्याने शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा. लोखंड्यांनी पंधरा तारीख मागितली होती.

ओझे मालकावर आले तरी 'हा माझ्याकडे कामालाच नव्हता' हे वाक्य संपलेले नाही. पहिला खटका तिथेच उडणार आहे.

यंदा शिमग्याच्या आधी तो गवंडी पुन्हा आला. आता त्याच्याने परातीवर चढवत नाही. बरोबर पुतण्या होता, फरशी बसविणारा. त्याचे चार महिन्यांचे पैसे एका मुकादमाने ठेवले होते. मुलाकडे वही नव्हती. त्याने फोन पुढे केला. खर्ची फोनवरूनच येत असे. अकरा वेळा आली होती, प्रत्येक वेळी तारीख, रक्कम आणि पाठवणाऱ्याचे नाव. खाली मुकादमाचे संदेश : पुढच्या आठवड्यात बघू, मालकाकडून आले नाहीत, जरा थांब. मी म्हटले, हे पुरेसे आहे. कामाला नव्हता असे त्याला म्हणता येणार नाही.

गवंडी ऐकत होता. म्हणाला, "मग माझी वही का चालली नाही ओ?"

मी त्याला सांगितले की वही चालली असती. दार चुकले होते, आणि ते मी दाखवलेले दार होते. इतक्या वर्षांत हे सांगायचे राहून गेले, असेही सांगितले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. पुतण्याने सही केली. मग गवंड्याने अर्ज आपल्याकडे ओढून विचारले की, साक्षीदारांची नावे कुठे लिहायची असतात. त्या कामावर पोराला भाकरी पोचवायला तो आठ दिवस जाऊन आला होता, त्याचे नाव पहिले घालावे असे त्याचे म्हणणे होते.